ऑईल पंप बसवताना हात आखडता ठेवा

मी झाशीत गाड्या दुरुस्त करतो. घरात मराठी, गॅरेजात हिंदी. आज माझीच एक चूक सांगतो.

जुन्या मारुती ८०० चा ऑईल पंप क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला बसतो. गळती नको म्हणून मी पॅकिंगवर सिलिकॉन भरपूर थापलं. बाहेर थेंबही आला नाही. पण आत दाबले गेलेले तुकडे गाळणीत अडकले. दतियाच्या रस्त्यावर तेलाचा दिवा लागला, गिऱ्हाईक तसंच चालवत राहिलं, बेअरिंगं गेली. खर्च मी भरला.

आता दोन्ही बाजू कोरड्या, स्वच्छ करतो. पॅकिंग, सील नवं. पंपात आधी तेल भरतो. सिलिकॉन लागलंच तर केसाएवढी रेघ. आणि मंडळी, दिवा लागला की इंजिन तिथेच बंद!