काटा बघा, कार्ड वाचा

(वैराग येथे साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आपलं वैराग बाजाराचं गाव. ज्वारीचं पोतं काट्यावर चढलं की आपण काय करतो? काट्यावरची नजर हलू देत नाही. किलोभर कमी दिसलं तर लगेच बोलतो. पट्टी हातात आली की आकडा पुन्हा बघतो.

आता मी एक विचारते. राग मानू नका. तुमच्या घरातल्या बारक्या लेकराचं वजन या महिन्यात किती भरलं? मागल्या महिन्यात किती होतं? पोत्याचं वजन तोंडपाठ आहे. मग लेकराचं का नाही?

बोर्डी गावी १९४५ साली तारा मोडक यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गरिबाचं मूल शाळेपर्यंत येत नाही, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी शाळाच मुलाच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आधी देशात ३३ ठिकाणी होती. आज गावोगावी अंगणवाडी आहे.

तिथे काय मिळतं? सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथेच गरम जेवण मिळतं. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला सहा महिन्यांपर्यंत आहार मिळतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हा तुमचा हक्क आहे. ही कुणाची मेहरबानी नव्हे.

पण हा आहार घरच्या जेवणावर भर म्हणून असतो. आहाराचा पुडा घरी आला आणि सगळ्यांनी वाटून खाल्ला, तर लेकराच्या वाट्याला काय उरलं? आणि लेकराला तो पुरतो की नाही, हे कोण सांगणार? काटा सांगणार.

कुणी म्हणेल, "ताई, पोरगं तर हसतंय, खेळतंय. वजन कशाला?" पाणी कमी पडलं तर ज्वारी लगेच वाळते का? नाही. आधी तिची वाढ थांबते. वाळलेली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. लेकराचंही तसंच. डोळ्याला दिसायच्या आधी काट्याला कळतं.

काही बहिणींना वाटतं, वजन केलं की दृष्ट लागते. भीती वाटते ती मायेपोटीच. मग तीट लावा, पण लेकराला काट्यापासून लपवू नका.

ध्यानात ठेवा. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन म्हणजे कमी. पाच-सहा महिन्यांत वजन साधारण दुप्पट व्हावं. वर्षात तिप्पट व्हावं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या. पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही. दूध चालू ठेवा, आणि जोडीला मऊ खाणं द्या. मऊ भात आणि घट्ट वरण द्या. भाकरी वरणात कुस्करा. बारीक कूट, अंडं, चमचाभर तेल घाला. वरणाचं नुसतं पाणी देऊ नका. त्याने पोट भरतं, अंग भरत नाही. लेकराचं पोट लहान असतं. म्हणून थोडं थोडं, पण दिवसातून चार-पाच वेळा भरवा.

आणि आईचं काय? सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं ती खाते. पोटात लेकरू असताना असं चालणार नाही. भावांनो, हे तुम्हालाही सांगते. तिचं ताट आधी वाढा.

जामखेड आपल्यापासून फार लांब नाही. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. त्यांनी गावच्याच बायांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्या मुलांची वजनं करायला शिकल्या. कुठलं मूल मागे पडतंय ते ओळखायला शिकल्या.

तुम्हाला तर आता आकडा वाचता येतो. तेव्हा एक करा. दर महिन्याला लेकराला अंगणवाडीत न्या. काट्यावरचा आकडा स्वतः वाचा. तो कार्डावर लिहिलाय का, ते बघा. कार्डावर हिरवा पट्टा आहे. त्याच्या खाली पिवळा. त्याच्याही खालचा पट्टा धोक्याचा. लेकराची रेघ वर चढत असेल तर ठीक. रेघ आडवी झाली, तर लगेच ताईंना विचारा. खाली उतरली, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ज्वारी कमी भरली तर पुढल्या साली पुन्हा पिकेल. लेकराची पहिली दोन वर्षं पुन्हा येत नाहीत.

आज घरी गेल्यावर कार्ड शोधा. शेवटचा आकडा मोठ्याने वाचा. घरातल्या सगळ्यांना ऐकू द्या.