पहाटेचा तास कुणाच्या वाट्याचा?

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, लगेच सायकल, मग धावणं. छोट्या शर्यतीत ७५० मीटर पोहायचं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावायचं. संसार सांभाळून हे करणाऱ्या बायका आहेत. त्यांना वेळ कुठून मिळतो? तीनला उठून सगळं उरकलं, तर झोप मोडते आणि थकल्या अंगाला दुखापत होते. म्हणून आधी कामं वाटायची. आठवड्यातले तीन दिवस ठरवा. त्या दिवशी पाणी, डबे, पोरांची शाळा कोण बघणार, ते आदल्या रात्रीच बोला. सुगीत सराव कमी करा. गटातल्या बायकांनी पाळीनं एकमेकींची पोरं सांभाळावीत. आणि “तू गेलीस की चूल अडते” म्हणणाऱ्या घरधन्याला भाकरी थापायला शिकवा. तुमचं चालणं असो की सायकल शिकणं, सुरुवात तिथूनच होते.