संगणक मुका झाला तर

पुण्यांतील एका वृद्ध गृहस्थांची कन्या मेलबर्न येथें असते. दर रविवारीं सकाळीं संगणकाच्या पडद्यावर बापलेकींची भेट होते. एका रविवारीं कन्येचे ओठ हालतांना दिसले, पण शब्द कांहीं ऐकूं येईना. गृहस्थांचे कान आधींच थोडे मंद. त्यांनीं सर्व दोष कानांकडे घेतला आणि कन्येस वाईट वाटूं नये म्हणून ते नुसते हंसून मान डोलावीत राहिले. त्यांचें बोलणें पलीकडे पोंचत होतें, त्यामुळें तिलाही शंका आली नाहीं. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारीं शेजारची एक शाळकरी मुलगी सहज येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मलासुद्धां कांहीं ऐकूं येत नाहीं." त्या एका वाक्यानें त्यांच्या मनावरचें मोठें ओझें उतरलें. बहिरे ते झाले नव्हते. मुका त्यांचा संगणक झाला होता.

असा प्रसंग पुष्कळ घरीं येतो आणि यंत्र लगेच दुकानीं धाडलें जातें. पण ध्वनि कोणत्या वाटेनें येतो हें ठाऊक असेल, तर बहुतेक वेळां दोष घरींच सांपडतो. संगणकाच्या पोटांत ध्वनि म्हणून कांहीं नसतोच. असतात ते केवळ आंकडे. गाण्यांच्या सीडीवर एका सेकंदाच्या संगीतासाठीं डाव्या व उजव्या बाजूस प्रत्येकीं ४४,१०० आंकडे लिहिलेले असतात. ध्वनीची चिप या आंकड्यांच्या विजेच्या लहरी बनविते, त्या लहरी तारेंतून स्पीकरला पोंचतात, स्पीकरचा पडदा हवेस हालवितो आणि हवा कानाच्या पडद्यास. चिपला काय करावयाचें हें सांगणारा जो दुभाष्या, त्यास ड्रायव्हर म्हणतात. १९८१ सालच्या आय. बी. एम. च्या घरगुती संगणकांत टुक्‌टुक् करणारा एक बारीकसा स्पीकर तेवढा होता. पुढें ध्वनीचें कार्ड वेगळें विकत घेऊन बसवीत. आज ती चिप मुख्य पाटीवरच असते.

नळास पाणी आलें नाहीं, तर शहाणा मनुष्य आधीं तोटी पाहतो, मग टाकी. एकदम रस्ता खणावयास धांवत नाहीं. येथेंही तोच क्रम ठेवावा आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या उपायानें गुण आला हें कळत नाहीं.

प्रथम स्पीकर पाहावा. त्याचा दिवा लागला आहे काय, आवाजाची कळ तळाशीं तर नाहीं ना, तार योग्य छिद्रांत आहे काय? मेजावरील बहुतेक संगणकांस हिरवें छिद्र स्पीकरचें आणि गुलाबी छिद्र माइकचें असतें. झाडलोट करतांना यांची अदलाबदल हमखास होते. तोच स्पीकर दुसऱ्या यंत्रास जोडून वाजला, तर तो निर्दोष ठरला.

दुसरी पायरी पडद्यावरची. विंडोज ११ मध्यें खालच्या पट्टींत उजवीकडे स्पीकरचें चिन्ह असतें. त्यावर फुली असेल, तर आवाज बंद आहे. कधीं एकाच कार्यक्रमाचा आवाज शून्यावर गेलेला असतो. तो व्हॉल्यूम मिक्सरमध्यें दिसतो. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची: ध्वनि कोणत्या वाटेनें बाहेर धाडला जात आहे, हें पाहणें. आवाजाच्या पट्टीशेजारील बाणावर टिचकी मारली, कीं जोडलेल्या साधनांची यादी उघडते. तींतून हवें तें साधन निवडावें.

वर सांगितलेल्या घरीं दोष येथेंच होता. नवा पडदा एच. डी. एम. आय. तारेनें जोडला, तेव्हां संगणकानें ध्वनीही त्याच तारेनें पडद्याकडे धाडण्यास आरंभ केला. आणि त्या पडद्यास हेडफोनचें छिद्र होतें, पण स्वतःचा स्पीकर नव्हता! ब्लूटूथचे हेडफोन दुसऱ्या खोलींत चालू राहिले, तरी असाच घोटाळा होतो.

एवढ्यानें न भागल्यास संगणक एकदां बंद करून पुनः सुरू करावा. नव्या सुधारणा बसविल्यानंतर आवाज गेला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्यें ध्वनीच्या साधनाचा पूर्वीचा ड्रायव्हर परत आणतां येतो. नवा ड्रायव्हर हवाच असेल, तर तो संगणकाच्या निर्मात्याकडूनच घ्यावा. "तुमचें यंत्र बिघडलें आहे, आम्ही दुरून दुरुस्त करतों," असा अनोळखी माणसाचा दूरध्वनि आल्यास त्याच्या हातीं आपला संगणक कदापि देऊं नये; त्यांत आवाज येण्याऐवजीं बँकेंतील पैसा जावयाचा. सर्व उपाय थकले, तर यू. एस. बी. ला जोडावयाचें ध्वनीचें लहान साधन घेऊन पाहावें. त्यानें आवाज आला, तर दोष आंतल्या चिपचा किंवा छिद्राचा समजावा.

आपलाच आवाज पलीकडे जात नसेल, तर माइक वापरण्याची परवानगी प्रायव्हसीच्या पानावर दिली आहे काय, तें तपासावें. आवाज घुमत असेल, तर स्पीकरचा ध्वनि पुनः माइकमध्यें शिरत आहे असें जाणून हेडफोन लावावे. सतत गुणगुण येत असेल, तर संगणक व स्पीकर एकाच विजेच्या बोर्डावर घ्यावे. पण अर्थिंगची पिन कधींही काढूं नये, कारण ती जिवाची राखण आहे.

त्या रविवारीं मुलीनें यादींतून स्पीकर निवडला आणि मेलबर्नचा आवाज खोलींत आला. गृहस्थांनीं सर्व हकीकत सांगितली. कन्येनें तीन रविवारांचें बोलणें पुनः आरंभापासून सांगितलें. त्यांत दिवाळीस ती घरीं येणार असल्याची वार्ता होती. तीन वेळां मान डोलावून त्यांनीं तिला रुकार दिला होता. ऐकली मात्र त्या दिवशीं. यंत्राची परीक्षा करण्याआधीं आणखी एक पायरी आहे, ती हीच: ऐकूं येत नसेल, तर तसें नि:संकोच बोलून दाखवावें.