कमरेला पिस्तूल लावून आठ दिवस

फौजेत माझ्या कमरेला नाइन एमएम असायचं. इशापूरच्या कारखान्यातलं, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. पण ते सगळ्यांना दिसेल असं, उघड्या होल्स्टरमध्ये. नाइन एमएम हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. साध्या परवान्यावर मिळतं ते पॉइंट ३२.

निवृत्तीनंतर तसंच एक छोटं पिस्तूल घेतलं. ठरवलं, आठ दिवस घरातच, रिकामं, शर्टाखाली लावून बघायचं.

पहिल्याच दिवशी कळलं, साधा पट्टा पुरत नाही. वजनानं होल्स्टर कलतं. अंगणातल्या गाडीत बसून पाहिलं, तर सीटबेल्ट मुठीवरच येतो. घामानं पोलाद गंजतं, रोज तेलाचा हात फिरवावा लागतो.

मग घड्याळ लावलं. शर्ट वर करून पिस्तूल रोखायला मला तीन सेकंद लागले. अमेरिकेतले पोलीस अधिकारी डेनिस टुलर यांनी १९८३मध्ये दाखवून दिलं होतं, की सात यार्डांवरचा चाकूवाला साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. हिशेब तुम्हीच करा.

सहाव्या दिवशी नात धावत आली, कमरेला मिठी मारली. "आजोबा, हे काय टोचतंय?" पिस्तूल रिकामं होतं, तरी माझे हात गार पडले.

आता ते कुलपात आहे, गोळ्या वेगळ्या कपाटात. तुमच्याकडे परवाना असेल, तर आधी असंच रिकामं लावून बघा. फौजेत ड्युटी संपली की हत्यार कोतमध्ये जमा व्हायचं. कमरेला लपवलेल्या पिस्तुलाची ड्युटी संपतच नाही.