अळवावरचे पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मला याच शाळेत एकदा निरुत्तर केले होते. नववीत असताना वक्तृत्वस्पर्धेत मी आयुष्याला ‘अळवावरचे पाणी’ म्हटले आणि टाळ्या मिळवल्या. विज्ञान शिकवणारे गुरुजी नंतर म्हणाले, “छान बोललास, पण पाणी पानावर ठरत का नाही?” पान तेलकट असते, असे मी ठोकून दिले. “उद्या पहाटे नळाजवळचा अळू पाहून ये,” एवढेच ते म्हणाले. मी गेलो नाही. पुढे आयुष्यभर हा वाक्प्रचार शिकवला, पण पान कधी निरखले नाही.

बेळगावच्या पावसात वाढलेल्यांना अळू नवा नाही. त्याच्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे अतिसूक्ष्म कण. पावसाचा थेंब केवळ माथ्यांवर टेकतो; खाली हवा कोंडलेली राहते. म्हणून तो गोल राहतो आणि पान जरा कलताच धूळ घेऊन घरंगळतो. विल्हेल्म बार्टलॉट व क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांचा कमळपानाच्या अशाच निर्मळपणावरील निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला.

पण गुरुजींनी पहाटच का सांगितली? आपण दंव ‘पडते’ म्हणतो. (भाषेच्या अध्यापकानेही हे कधी तपासले नाही!) वस्तुतः ते पडत नाही, थंड पानावर वाफ निवते आणि थेंब तिथेच, उंचवट्यांमधील फटींतही, जन्म घेतात. हवेची जागा पाणी बळकावते. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी कमळपानावर वाफ निववली, तेव्हा असे पाणी पानाला चिकटून राहिले.

याहून नवल पुढेच आहे. २००९ साली जोनाथन बोरेको व च्युआन-हुआ चेन यांनी दाखवले, की योग्य घडणीच्या कृत्रिम पृष्ठावर निवलेले सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळताच आपोआप उडी घेतात. दोन समान थेंबांचा एक झाला, की एकूण पृष्ठफळ सुमारे २० टक्के घटते. मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा अल्प अंश त्या उडीला पुरतो. उताराची गरजच नाही.

गेल्या मार्गशीर्षात मी पहाटे शाळेत आलो. नळ आता नाही, अळू आहे. पान हळूच कलते केले. मोठे थेंब ओघळले. बारीक दंव जागचे हलले नाही. गुरुजींना सांगायला साठ वर्षे उशीर झाला होता.