तुरुंगाच्या दाराशी तुटणारा उपचार

कैदी सुटतो तेव्हा त्याच्या जमा केलेल्या वस्तू यादीप्रमाणे मोजून, सही घेऊन परत दिल्या जातात. चालू औषधोपचाराची तशी यादी सहसा कुणी करत नाही. सुटकेनंतरचे दिवस किती जीवघेणे ठरतात, याचा ठोस पुरावा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून आला. १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला. सर्वाधिक बळी अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे होते. आत असताना शरीराची सवय मोडते आणि बाहेर आल्यावर जुनाच डोस झेपत नाही. यावर उपाय नाही असंही नाही. ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये तुरुंगातच व्यसनावरची औषधं सुरू केली आणि सुटणाऱ्यांना बाहेरच्या दवाखान्यांशी जोडून दिलं. नुकत्याच सुटलेल्यांचे अतिसेवनाने झालेले मृत्यू २०१६ च्या पहिल्या सहामाहीत २६ होते, २०१७ च्या त्याच काळात ९.

आपल्याकडचे रोग वेगळे, पण उपचार तुटतो ती जागा तीच. क्षयाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. तिसऱ्या महिन्यात जामीन झाला आणि गोळ्या बंद पडल्या, तर रोग उलटतो, औषधांना दाद देईनासा होऊ शकतो आणि घरच्यांनाही गाठतो. उपचार असा तुटू नये म्हणून अमेरिकेत २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला सुटकेच्या ९० दिवस आधीपासून मेडिकेड या सरकारी विम्यातून काही सेवा देण्याची परवानगी मिळाली. पण त्यासाठी सुटकेची तारीख ठाऊक असावी लागते. भारतात २०२२ अखेर ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. त्यांना जामीन कधी होईल हे कुणालाच माहीत नसतं. आणि औषधं जमवायची म्हणून एक रात्रही जास्त आत ठेवणं हा अन्यायच. म्हणून सुटकेची तयारी आत घेतानाच्या वैद्यकीय तपासणीपासूनच व्हायला हवी. केसपेपरची प्रत, घराजवळच्या आरोग्य केंद्राचं नाव, क्षयरुग्णाचा निक्षय या सरकारी क्षयनोंदणीतला क्रमांक आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या एका पाकिटात कायम तयार हव्यात. औषध बदललं की पाकीटही बदलायचं.

यावर कुणी म्हणेल, बाहेरच्या प्रामाणिक गरिबाला औषध मिळत नाही, मग गुन्हेगाराचे लाड कशाला? एक तर कच्च्या कैद्याचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नसतो. शिवाय क्षय आणि एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांवर सर्वांनाच मोफत आहेत. इथे मागणी आहे ती फक्त रुग्ण एका केंद्राकडून दुसऱ्याकडे नीट सोपवण्याची. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तुरुंगातून आलेली चिठ्ठी माणसावर कायमचा शिक्का मारेल. म्हणूनच त्या कागदावर गुन्ह्याचा वा तुरुंगाचा उल्लेख नको, माहिती डॉक्टरकडून डॉक्टरकडे जावी, आणि तीही रुग्णाच्या संमतीनेच. विमा कार्ड आहे ना, हे उत्तरही पुरत नाही. आयुष्मान भारतच्या विम्यासारख्या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहेत. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीला त्या कामी येत नाहीत.

खरी अडचण पैशांपेक्षा जबाबदारीची आहे. महाराष्ट्रात तुरुंग गृह खात्याकडे, दवाखाने आरोग्य खात्याकडे. दाराबाहेर पडलेला रुग्ण त्या क्षणी कुणाचाच नसतो. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम तुरुंगातली आरोग्यसेवा सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेशी जोडून उपचारांत खंड पडू देऊ नका, असं सांगतात. म्हणून सुटलेला रुग्ण केंद्रावर पोचला की नाही, याचा जाब पहिले दोन आठवडे एका नेमलेल्या अधिकाऱ्याला विचारता आला पाहिजे. तेवढं झालं, तरच बाकीच्या कागदांना काही अर्थ राहील.