स्वभाव, रोग आणि मनाचा घाव

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामांतील भगिनीमंडळापुढें एका डॉक्टरांनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत स्तनाच्या कर्करोगासारखा विषय काढावा, हें कोणास अप्रशस्त वाटेल. देवालयाच्या आवारांत या अवयवाचें नांव घेण्यासही आपण संकोचतों. तथापि ज्या संत आगाथेचा सण ५ फेब्रुवारीस येतो, तिच्या हालांची कथा आपल्या पूर्वजांनीं दडवून ठेविली नाहीं. डीसियस बादशहाच्या अमदानींत, सन २५१ च्या सुमारास, सिसिली बेटांतील कातानिया शहरीं तिचे स्तन छेदण्यांत आले अशी परंपरा आहे. आणि म्हणूनच या रोगानें पीडलेल्या स्त्रिया शतकानुशतकें तिचा धावा करीत आल्या आहेत. तेव्हां मीही संकोच सोडून बोलतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या दवाखान्यांत एक बाई आल्या. शस्त्रक्रिया होऊन गेली होती, जखम भरली होती. उठतां उठतां त्यांनीं हळूच विचारलें, "डॉक्टर, धाकट्या जावेवर मी बारा वर्षें मनांत राग धरून होतें. त्याचीच ही गांठ झाली काय?" हें खूळ त्यांच्या डोक्यांत कोणा अडाणी शेजारणीनें नव्हे, तर एका शिकलेल्या नातलगानें पुस्तक वाचून घातलें होतें.

कल्पना जुनी आहे. दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गेलेन याच्या मतें काळ्या पित्तानें उदास झालेल्या प्रकृतीच्या स्त्रियांस हा रोग अधिक होई. विसाव्या शतकांत मानसशास्त्रानें त्याच कल्पनेस नवा पोषाख चढविला. राग गिळणारी, सर्वांची मर्जी राखणारी, स्वतःचें दुःख न बोलणारी व्यक्ति कर्करोगास बळी पडते, असें १९८० नंतर मोठ्या विश्वासानें सांगण्यांत येऊं लागलें, आणि या स्वभावास 'सी' प्रकार असें नांवही मिळालें. आपल्या घरांतून मुलींस जें वळण लावितात तें हेंच ना? तें खरें असतें, तर आपल्या गांवांतील एकही आजी नातवंडें पाहण्यास उरली नसती!

या सिद्धांतांतील खोट अशी कीं, पुष्कळ ठिकाणीं स्त्रियांस रोग जडल्यानंतर त्यांच्या गतायुष्याची विचारपूस होई. मागें वळून दुःख शोधणाऱ्यास तें सांपडतेंच. कोणाच्या आयुष्यांत तें नसतें? खरी परीक्षा उलट्या बाजूनें व्हावयास हवी होती, आणि ती स्वीडन व फिनलंड या देशांत झाली. ५९,५४८ माणसांचे स्वभाव प्रश्नावलीनें आधींच नोंदवून ठेविले, आणि मग तीस वर्षांपर्यंत वाट पाहिली. त्यांपैकीं ४,६३१ जणांस कर्करोग झाला. २०१० सालीं निष्कर्ष निघाला तो असा कीं, मोकळ्या स्वभावाचा मनुष्य काय आणि मिटलेल्या स्वभावाचा काय, निर्धास्त काय आणि चिंतातुर काय, रोगानें भेद केला नव्हता. स्वभावानें कर्करोग होतो असें आग्रहानें मांडणारे लंडनचे प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ आयसेंक यांचे या विषयावरील २६ लेख तर २०१९ सालीं किंग्ज कॉलेजच्याच चौकशींत अविश्वसनीय ठरले.

त्या बाईंस मीं इतकेंच सांगितलें कीं, रागाविषयीं फादरांशीं बोला, गांठीविषयीं माझ्याशीं. दोहोंचें नातें नाहीं. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनीं हें कोणाचें पाप असें विचारलें, तेव्हां प्रभूनें तो आरोपच नाकारला, ही कथा आपण सर्व जाणतां. तरी रोग्याच्या उशाशीं बसून तोच प्रश्न आपण पुनः विचारतों.

परंतु मनाचा या रोगाशीं कांहींच संबंध नाहीं, असें मात्र समजूं नका. संबंध आहे, पण तो रोगाच्या पाठीमागून येतो. इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिचा स्तन ३० सप्टेंबर १८११ रोजीं पॅरिस येथें, तिच्या राहत्या घरीं, नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे याच्या हातें काढण्यांत आला. गुंगीचें औषध तेव्हां नव्हतें. काळ्या पोषाखांतील सात पुरुष खोलींत शिरले. तोंडावर तलम रुमाल टाकला, आणि त्यांतून तिला पोलादाची चमक दिसली. ती पुढें १८४० पर्यंत जगली. म्हणजे शस्त्रवैद्याच्या हिशेबीं ती बरी झाली. पण ही हकीकत बहिणीस लिहून पुरी करण्यास तिला महिने लागले. प्रसंगाचा नुसता उल्लेख केला तरी तो पुनः भोगावा लागे, आणि नऊ महिन्यांनंतरही स्वतःच लिहिलेलें वाचून पाहण्याचें धैर्य तिला झालें नाहीं.

आज शस्त्रक्रिया वेदनारहित झाली आहे, आणि रोग लवकर सांपडल्यास पुष्कळदां स्तन वांचवितांही येतो. तरी मनाचा घाव होतोच. इस्पितळाचा वास येतांच, औषध शिरेंत जाण्यापूर्वींच, ओकारी येते. तपासणीच्या आधल्या रात्रीं झोंप लागत नाहीं. पांच वर्षें उलटलीं तरी काखेंत जरासें दुखलें कीं काळजाचा ठोका चुकतो. याचें नांव नाटक नव्हे. प्राणघातक आजार हा मानसिक आघाताचें कारण होऊं शकतो, हें अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळानें १९९४ सालीं मान्य केलें. २०१३ सालीं त्यांनीं व्याख्या आंवळून घेतली, पण रात्रीचें जागरण व्याख्येनें थांबत नाहीं. येथें मात्र स्वभावाचा प्रश्न येतो. जी मुळांत चिंतातुर, जिनें पूर्वीं एखादा मोठा आघात सोसला आहे, जी वयानें तरुण, किंवा जिला घरांत बोलावयास कोणी नाहीं, तिला हा घाव अधिक खोल जातो.

आणि अशा स्त्रीस आपण काय सांगतों? "धीट रहा, झुंज दे!" इंग्लंडमध्यें ५७८ स्त्रियांची पाहणी झाली, तींत १९९९ सालीं असें दिसलें कीं, झुंजार वृत्तीनें पांच वर्षांत आयुष्य वाढलें नव्हतें. हताश झालेल्या स्त्रियांची स्थिति मात्र कांहींशी वाईट होती, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. म्हणून खिन्नता ओळखून तिच्यावर उपचार करावा, आणि तो उपलब्ध आहे. पण रडणाऱ्या स्त्रीस तूं रडतेस म्हणून मरशील असें भासविणें ही क्रूरता होय. अशा स्त्रियांनीं एकत्र बसून मन मोकळें केल्यास आयुष्य दुप्पट होतें, असें कॅलिफोर्नियांत ८६ स्त्रियांच्या अनुभवावरून १९८९ सालीं वाटलें होतें. २००१ सालीं कानडांतील २३५ स्त्रियांच्या प्रयोगांत आयुष्य वाढलें नाहीं. मनाचा त्रास मात्र हलका झाला, आणि वेदनाही कमी जाणवली. या निकालानें कांहीं लोक खट्टू झाले. मला त्यांत खट्टू होण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं.

त्या बाई पुढें दर सहा महिन्यांनीं तपासणीस येत. तिसऱ्या खेपेस सोबत एक स्त्री होती. बाहेर बांकावर बसून, एका हातांत बाईंची पिशवी धरून, ती गाडीच्या भाड्याविषयीं सारखी कुरकुर करीत होती. ही धाकटी जाऊ, असें मला मागाहून कळलें. राग गेला होता कीं नाहीं, तें मीं विचारलें नाहीं.